मद्रासच्या आकाशातली सिल्व्हिया

१६ मे १८६६ रोजी मद्रासच्या नुंगमबाक्कम भागातल्या सरकारी वेधशाळेत नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांना एक नवा लघुग्रह सापडला. क्रमाने तो सत्त्याऐंशीवा. पॉगसन यांनी त्याचे नाव 'सिल्व्हिया' ठेवले आणि बातमी लंडनला रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवली. त्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या वेधशाळा दरवर्षी काही नवे लघुग्रह शोधत होत्या, त्यामुळे यादीत आणखी एक नाव वाढले यापलीकडे त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. मद्रासमध्ये काय सापडले होते, हे नीट कळायला सुमारे एकशे चाळीस वर्षे जावी लागली. लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला फिरणारे, कार्बनयुक्त द्रव्याने काळवंडलेले, सूर्यमालेच्या जन्मकाळचा माल पोटात जपून ठेवलेले एक छोटे कुटुंबच तिथे होते.

ही हकीकत सांगायची तर आधी वेधशाळेकडे वळावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीतले अधिकारी विल्यम पेट्री यांनी १७८६ मध्ये स्वतःच्या हौसेने मद्रासला वेधशाळा उभारली. पुढे ती कंपनीने आपल्याकडे घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला तिची इमारत बांधून झाली. आराखडा मायकेल टॉपिंग यांचा. उपकरण तोलून धरण्यासाठी उभारलेल्या ग्रॅनाइटच्या भक्कम खांबावर कंपनीने या कार्याची नोंद अनेक भाषांत कोरून घेतली. वेधशाळेमागचा हेतू व्यवहारी होता. जहाजांना आणि नकाशे काढणाऱ्यांना अचूक रेखांश हवे होते. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मद्रास वेधशाळेचे रेखांश हाच आधार मानला गेला. पुढे रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालू लागली. मुंबईकरांना मात्र ही परकी वेळ रुचली नाही आणि १८८०च्या दशकात 'मद्रास टाइम' शहरावर लादण्याचा प्रयत्न विरोधामुळे सोडून द्यावा लागला.

या वेधशाळेत १८६१च्या फेब्रुवारीत पॉगसन सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. जन्म १८२९चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत काम करताना त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते: १८५६ मध्ये इसिस, १८५७ मध्ये एरियाड्नी आणि हेस्टिया. पण खगोलशास्त्रात त्यांचे नाव कायमचे राहिले ते दुसऱ्याच कारणाने. ताऱ्यांची तेजस्विता 'प्रती'मध्ये मोजण्याची पद्धत ग्रीकांपासून चालत आलेली: सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा साधारण शंभरपट तेजस्वी असतो, हे निरीक्षकांच्या लक्षात आले होते. पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचवले की हा हिशेब नेमका शंभरपटच धरावा. मग एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात २.५१२ पटींचा फरक. आज जगभर हीच मोजपट्टी वापरतात. ती त्यांनी मांडली ती छत्तीस लघुग्रह १८५७ मध्ये महिन्यागणिक किती तेजस्वी दिसतील, याचे कोष्टक देणाऱ्या लेखात. म्हणजे आधुनिक खगोलशास्त्राची ही पायाभूत मोजपट्टी लघुग्रहांच्या पाठपुराव्यातूनच जन्माला आली.

लघुग्रहांचा तो काळच वेगळा होता. १८०१ ते १८०७ या वर्षांत सेरेस, पॅलस, जुनो आणि वेस्टा सापडले, आणि नंतर जवळजवळ चार दशके काहीच नाही. १८४५ मध्ये कार्ल हेन्के या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या जर्मन हौशी निरीक्षकाने पाचवा, अस्ट्रिया, शोधला आणि बांध फुटला. १८६६ पर्यंत संख्या ऐंशीच्या पुढे गेली. या सगळ्या शोधांमागे एकच रीत होती. आकाशाच्या एखाद्या पट्टीतल्या फिकट ताऱ्यांचा नकाशा काढायचा, मग रात्रीमागून रात्री दुर्बिणीतले आकाश त्याच्याशी ताडून पाहायचे. नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची जागा मोजायची आणि पुढच्या रात्री तो सरकला का ते बघायचे. सरकला तर लघुग्रह. सिल्व्हियासारखा दूरचा लघुग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना दिवसभरात पूर्णचंद्राच्या रुंदीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका हलतो. हे हलणे टिपायला ताऱ्यांच्या जागा चोख माहीत असाव्या लागतात.

पॉगसन मद्रासला आल्यावर दोनच महिन्यांत, १७ एप्रिल १८६१ रोजी, त्यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून त्याचे नाव 'एशिया'. मग २ मे १८६४ला साफो आणि १६ मे १८६६ला सिल्व्हिया. तिन्ही शोध एप्रिल-मेमधले आहेत आणि त्याला भूगोलाचे कारण असू शकते. लघुग्रह सर्वांत तेजस्वी दिसतात ते सूर्याच्या विरुद्ध बाजूला आल्यावर. मेच्या मध्यावर आकाशाचा हा विरुद्ध भाग खगोलीय विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला असतो. ऑक्सफर्डहून पाहिले तर तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो, त्यात उत्तरेकडच्या उन्हाळी रात्री आखूड आणि संधिप्रकाशाने भरलेल्या. १३ अंश उत्तर अक्षांशावरच्या मद्रासहून तोच भाग ५८ अंशांपर्यंत चढतो. युरोपला धूसर क्षितिजाजवळ जे शोधावे लागे, ते मद्रासकरांच्या माथ्यावर येत होते.

सिल्व्हिया अनुकूल स्थितीत असतानाही साधारण अकराव्या-बाराव्या प्रतीची दिसते. पॉगसन यांच्याच मोजपट्टीने हिशेब केला तर बाराव्या प्रतीचा ठिपका डोळ्यांना कसाबसा दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा सुमारे अडीचशेपट फिकट भरतो. वेध जमत गेले तशी कक्षा मोजता आली. तिचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या जवळपास साडेतीनपट आणि एका फेरीला साडेसहा वर्षे. तोपर्यंत माहीत असलेल्या लघुग्रहांत ही सर्वांत दूरची कक्षा होती. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत डॅनियल कर्कवुड यांनी दाखवून दिले की लघुग्रहांच्या कक्षा पट्ट्यात सारख्या पसरलेल्या नाहीत. ज्या अंतरांवर फेरीचा काळ गुरूच्या काळाशी सोप्या प्रमाणात बसतो, तिथे गुरूच्या पुनःपुन्हा होणाऱ्या ओढीमुळे मोकळ्या जागा पडतात. गुरूच्या एका फेरीच्या निम्म्या काळात, म्हणजे सुमारे सहा वर्षांत, फेरी पुरी होते त्या अंतरावर अशी एक ठळक फट आहे. सिल्व्हिया तिच्याही पलीकडे, मुख्य पट्ट्याच्या उंबरठ्याबाहेर फिरते. १७ नोव्हेंबर १८६८ रोजी पॉगसन यांना मद्रासहून कॅमिला हा लघुग्रह सापडला. त्याची कक्षाही जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. शेवटचा व्हेरा, १८८५चा. ऑक्सफर्डचे तीन धरून त्यांच्या नावावर एकूण आठ लघुग्रह आहेत.

मद्रासचे हे यश एकट्या पॉगसन यांच्या डोळ्यांचे नव्हते. वेधशाळेत माणसे कमी होती आणि कामे अनेक होती. वेळ सांगायची, हवामानाच्या नोंदी ठेवायच्या, ताऱ्यांच्या जागा मोजायच्या, शिवाय आकडेमोड करून सगळे छपाईला तयार करायचे. यातले सर्वांत चिकाटीचे काम म्हणजे याम्योत्तर-वृत्त या उपकरणाने ताऱ्यांच्या नेमक्या जागा मोजणे. तारा याम्योत्तर ओलांडतो तो क्षण घड्याळावर टिपायचा, त्याची उंची वाचायची, आणि हे हजारो वेळा करायचे. १८६२ पासून चाललेल्या या कामातून सुमारे पाच हजार ताऱ्यांची सूची तयार झाली. या कामाचा मोठा भार उचलला तो चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी.

रघुनाथाचार्य पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले. १८४०च्या सुमारास ते वेधशाळेत कामाला लागले आणि पुढे प्रथम सहायकाच्या पदापर्यंत पोचले. घरचे गणित पिढीजात कोष्टकांवर चाललेले, तर वेधशाळेत रोज रात्री आकाश त्या गणिताची परीक्षा घेत होते. दोन्हींतले अंतर त्यांना स्पष्ट दिसले आणि ते लपवून ठेवावे असे त्यांना वाटले नाही. प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या गणितावर पंचांग बेतावे यासाठी त्यांनी दृग्गणित पंचांगाचा पुरस्कार केला. १८६०च्याच दशकात महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे 'ग्रहसाधनाची कोष्टके' सिद्ध करून सुधारलेले पटवर्धनी पंचांग लोकांसमोर आणत होते. दोन प्रांतांतली ही दोन माणसे एकाच प्रश्नाशी झुंजत होती: परंपरेचा आदर राखूनही आकाशाशी प्रामाणिक कसे राहायचे?

१८६७ मध्ये रघुनाथाचार्यांना आढळले की जालक नक्षत्रातल्या एका ताऱ्याचे तेज कमीजास्त होते. तो 'आर रेटिक्युली' हा रूपविकारी तारा. मद्रासहून हा तारा दक्षिण क्षितिजावर फार तर चौदा अंश वर येतो. इतक्या खालच्या, धुक्याधुरळ्याने झाकोळणाऱ्या पट्टीत ताऱ्याच्या तेजातला बदल ओळखणे हे कसलेल्या डोळ्यांचेच काम. १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात पॉगसन मछलीपट्टणला होते, तर निजामाच्या राज्यातल्या वनपर्तीला गेलेल्या पथकाची धुरा रघुनाथाचार्यांकडे होती. १८७२ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण होणार होते, तेव्हा सामान्य लोकांना ते समजावे म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली आणि ती भारतीय भाषांत लोकांपर्यंत जावी यासाठी खटपट केली. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची जागा भरून काढणारा माणूस वेधशाळेला लवकर मिळाला नाही.

दुसरे नाव एलिझाबेथ इसिस पॉगसन यांचे. पॉगसन यांची ही मुलगी १८७३ पासून वेधशाळेत सहायक म्हणून काम करू लागली आणि पंचवीस वर्षे तिथे राहिली. आकडेमोड, वेध आणि पुढे हवामानाच्या नोंदींची जबाबदारी तिने पेलली. १८८६ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोपदासाठी तिचे नाव सुचवले गेले, पण स्त्री म्हणून ते मान्य झाले नाही. अखेर १९२० मध्ये ती फेलो झाली, तेव्हा तिचे वय सत्तरीकडे झुकले होते. आकाशात जे दिसले ते पुरुषाने पाहिले की स्त्रीने, गोऱ्याने पाहिले की काळ्याने, याने वेधाच्या अचूकपणात काडीचा फरक पडत नाही. मान्यता देणाऱ्या संस्थांना हे स्वीकारायला मात्र फार वेळ लागला.

पॉगसन तीस वर्षे मद्रासला राहिले आणि जून १८९१ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या हयातीत वेध साचत गेले आणि छपाई मागे पडत गेली. ताऱ्यांची मोठी सूची त्यांच्यानंतर आलेल्या मिची स्मिथ यांनी प्रसिद्ध केली. पुढे १८९९ मध्ये कोडाईकनालला सौर वेधशाळा सुरू झाली आणि खगोलशास्त्राचे केंद्र मद्रासहून तिकडे सरकले. पॉगसन गेले त्याच वर्षी, डिसेंबर १८९१ मध्ये, जर्मनीत हायडेलबर्गला माक्स वोल्फ यांनी प्रथमच छायाचित्राच्या काचेवर नवा लघुग्रह पकडला. काचेवर तारे ठिपके म्हणून उमटत आणि लघुग्रह रेघ ओढत जाई. डोळा दुर्बिणीला लावून, नकाशा मांडीवर घेऊन लघुग्रह शोधण्याचे युग त्या वर्षी संपायला लागले.

नंतर शतकभर सिल्व्हिया ही यादीतली एक नोंद होती. विसाव्या शतकात उष्णतेच्या किरणांचे आणि वर्णपटाचे मोजमाप होऊ लागले तेव्हा ती किती मोठी आणि किती काळी आहे हे उलगडले. तिचा सरासरी व्यास २७० किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या डझनभर लघुग्रहांत ती बसते. तरीही ती सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर सापडली, कारण ती दूर आहे आणि कोळशासारखी काळी आहे. तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे चार टक्केच परत येतो. तिच्या वर्णपटात ठळक खुणा नाहीत. नुसता किंचित लालसर झाक असलेला गडद पृष्ठभाग दिसतो. शास्त्रज्ञ अशा वस्तूंना 'पी' गटात घालतात आणि कार्बनयुक्त सेंद्रिय द्रव्य, सिलिकेट आणि कदाचित आत दडलेले बर्फ यांची बनलेली आदिम वस्तू मानतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला खडकाळ, उजळ लघुग्रह जास्त, तर बाहेर जावे तसे कार्बनयुक्त, काळे लघुग्रह वाढत जातात. सूर्याच्या उष्णतेपासून दूर राहिल्याने त्यांच्यातले मूळ द्रव्य फारसे भाजून निघालेले नाही. म्हणून पृथ्वीवर पाणी आणि सेंद्रिय द्रव्य कुठून आले, या प्रश्नाची उत्तरे अशा वस्तूंपाशी शोधली जातात.

मग १८ फेब्रुवारी २००१ला हवाईमधल्या मौना केआ शिखरावरच्या केक दुर्बिणीतून मायकेल ब्राऊन आणि झ्याँ-ल्युक मार्गो यांना सिल्व्हियाजवळ एक उपग्रह दिसला. वातावरणाची थरथर क्षणाक्षणाला मोजून आरशाचा आकार बदलणारे तंत्र त्यासाठी वापरले होते. दोनच आठवड्यांच्या आत, १ मार्चला, हबल दुर्बिणीच्या चित्रांत कॅमिलाचाही उपग्रह सापडला. ९ ऑगस्ट २००४ रोजी चिलीतल्या पारानाल इथल्या ८.२ मीटर आरशाच्या दुर्बिणीतून फ्रांक मार्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सिल्व्हियाचा दुसरा उपग्रह दिसला. ऑगस्ट २००५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. नावांसाठी दूर जावे लागले नाही. पॉगसन यांनी १८६६ मध्ये नाव घेतले होते ते रोमच्या पुराणकथेतल्या रिया सिल्व्हियाचे, रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांच्या आईचे. बाहेरच्या उपग्रहाला रोम्युलस आणि आतल्याला रीमस हे नाव मिळाले.

रोम्युलस सिल्व्हियापासून सुमारे १,३५० किलोमीटरांवर असतो आणि साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळात फेरी पुरी करतो. रीमस सुमारे ७०० किलोमीटरांवर असतो आणि त्याची फेरी ३३ तासांची. उपग्रहाचे अंतर आणि फेरीचा काळ कळला की केप्लरच्या नियमाने मधल्या वस्तूचे वजन निघते. सिल्व्हियाचे वजन तिच्या आकारमानाने भागले तेव्हा घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त निघाली. घट्ट खडकाची घनता याच्या दुपटीहूनही अधिक असते. तेव्हा सिल्व्हिया हा एकसंध दगड असू शकत नाही. तिच्या आत बरीच पोकळी असली पाहिजे, आणि बर्फही असू शकते. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या प्रचंड टकरीत फुटलेला मलबा पुन्हा एकत्र आला आणि उरलेल्या तुकड्यांतून उपग्रह घडले, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. स्वतःभोवतीची फेरी पाच तासांच्या थोडी वर आणि आकार लांबट आहे, हेही त्याच्याशी जुळते.

६ जानेवारी २०१३ रोजी सिल्व्हिया एका ताऱ्यासमोरून गेली, तेव्हा दक्षिण युरोपातल्या हौशी आणि व्यावसायिक निरीक्षकांनी ठिकठिकाणांहून तारा झाकला जाण्याच्या वेळा नोंदल्या. काहींना रोम्युलसने तारा झाकलेलाही दिसला. वेगवेगळ्या ठिकाणच्या सेकंदांच्या या नोंदी जोडून आकाराची रेखा काढता आली. २०२१ मध्ये बेनुआ कारी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या कक्षांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की सिल्व्हियाच्या पोटात द्रव्य सारखे पसरलेले नसावे. मध्यभाग दाट आणि बाहेरचा थर सच्छिद्र असावा. म्हणजे इतक्या आदिम, थंड वस्तूतही कधीकाळी आतले बर्फ वितळून द्रव्याची वाटणी झाली असेल. त्याआधी, २०१६ मध्ये, कॅमिलाचाही दुसरा उपग्रह सापडल्याचे जाहीर झाले होते. मद्रासहून सापडलेले सिल्व्हिया आणि कॅमिला हे दोन्ही लघुग्रह तिहेरी निघाले. तिहेरी लघुग्रह आजही मोजकेच माहीत आहेत.

सिल्व्हियाकडे अजून एकही अवकाशयान गेलेले नाही. जे कळले ते सगळे पृथ्वीवरून आणि पृथ्वीभोवतीच्या दुर्बिणींतून. एका पिढीने जागा शोधली, पुढच्यांनी कक्षा घट्ट केली, मग कोणी रंग मोजला, कोणी उपग्रह पाहिले आणि कोणी पोटाचा अंदाज बांधला. प्रत्येकाने मागच्याच्या नोंदीवर विश्वास ठेवला, कारण ती नोंद विश्वास ठेवण्याजोगी केली होती. १८६६च्या मद्रासकडे मोठा आरसा नव्हता, अवरक्त किरण टिपणारे यंत्र नव्हते, पुरेशी माणसेही नव्हती. ठिपक्याची जागा चोख लिहून ठेवण्याची शिस्त मात्र होती, आणि तेवढ्या भांडवलावर वेधशाळेने बाहेरच्या पट्ट्यातल्या दोन विलक्षण वस्तू जगाच्या हाती दिल्या.

भारतातल्या आधुनिक खगोलशास्त्राची गोष्ट आपण बहुधा विसाव्या शतकातल्या थोर नावांपासून सुरू करतो. ती नावे थोर आहेतच. पण त्यांच्या आधी निदान शतकभर या देशात शिस्तीने वेध घेतले जात होते, आणि त्यात पंचांगकर्त्याच्या घरात वाढून आकाशालाच अंतिम प्रमाण मानणारा रघुनाथाचार्यांसारखा माणूस होता. पॉगसन यांचे नाव लघुग्रहांच्या यादीत कायम आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि विज्ञानाच्या इतिहासात त्यांच्या शेजारी चिंतामणी रघुनाथाचार्य आणि इसिस पॉगसन ही नावे तितक्याच ठळकपणे छापली गेली पाहिजेत. हा उपकाराचा प्रश्न नाही. ज्यांनी मोजले त्यांची नोंद करणे हा इतिहासाचा साधा प्रामाणिकपणा आहे, आणि ताऱ्यांची जागा टिपताना तोच प्रामाणिकपणा त्यांनी आयुष्यभर पाळला.